खिडकीसमोरची काठी

माझी बायको लोकांच्या घराभोवती झाडं लावते आणि मी तिचा टेम्पो चालवतो. हे ऐकलं की लोक म्हणतात, काय सुखाचा धंदा आहे! सुखाचा कसला, डोक्याला ताप आहे. झाड लावायला अर्धा तास पुरतो. पण ही बाई आधी काठ्या लावते, आणि मग ते अख्खं घर आठ आठ दिवस त्या काठ्यांकडे बघत बसतं. म्हणून आमच्या भागात तिला काठीबाई म्हणतात. हे नाव तिला आवडत नाही, आणि म्हणूनच ते टिकलंय.

तिचं म्हणणं असं की रोप गुडघ्याएवढं असतं तेव्हा सगळ्यांनाच गोड वाटतं. पुढे ते काय दिवे लावणार आहे, हे कोणी विचारत नाही. म्हणून तिने नियम केला. जे झाड निवडलं असेल ते पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, तेवढा बांबू त्या जागी उभा करायचा. त्याचा पसारा जेवढा होईल, तेवढं दोरीचं कडं जमिनीवर टाकायचं. झाडांची रांग असेल तर बांबूंच्या मधे हिरवी जाळी ताणायची. मग घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक खिडकीत बसून बघायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. एवढं करूनही झाड हवंच असेल तर लावायचं. ती पोराटोरांना विचारते, आजोबांना विचारते. एका घरी तर तिने कुत्रा दुपारी कुठे पडतो तेही विचारलं होतं. मी टेम्पोत बसून कपाळ बडवून घेतलं.

सगळ्यांना हवी असतात सदाहरित झाडं. बारा महिने हिरवीगार, म्हणजे पानांचा कचरा नाही, अशी लोकांची समजूत. काठीबाई शांतपणे सांगते, सदाहरित म्हणजे पानं गळत नाहीत असं नव्हे, ती रोज थोडी थोडी गळतात, म्हणजे झाडू रोजच हातात. शिवाय थंडीत तुम्हाला ऊन हवं असतं तेव्हाही ते झाड सावलीच देणार. ज्या बाजूने वारा आणि धूळ येते तिथे सदाहरित लावा, ज्या बाजूने थंडीतलं ऊन येतं तिथे पानं झडणारं लावा. फायकस गटारीजवळ नको, त्याची मुळं पाण्याच्या वासाने पाइपात घुसतात. कण्हेर लहान मुलं असतील तर नको, चीक विषारी. ती बोलत राहते आणि गिऱ्हाईक मान डोलवत राहतं. शेवटी ते म्हणतं, "ते सगळं ठीक आहे हो, पण लवकर वाढणारं कुठलं?" त्या वेळी मला त्या गिऱ्हाइकाबद्दल फार आपुलकी वाटते.

एके सकाळी फोन आला तो मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता. ताईंचा होता, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा.

"मला झाडं हवीत," ताई म्हणाल्या. "उंच, दाट आणि बारा महिने हिरवी. घराच्या त्या अंगाला, पुढपासून मागपर्यंत. शेजारचं घर दिसता कामा नये."

शेजारचं घर हिच्या भावाचं. हिचा दादा. तीन भावंडांत तो मधला, ताई सगळ्यांत मोठ्या आणि ही शेंडेफळ. वडिलांच्या जागेत दोन घरं शेजारी शेजारी, मधे भिंत नाही, फक्त दगडांची एक ओळ. त्या ओळीवर पूर्वी वडिलांनी लावलेलं मोठं शिरीषाचं झाड होतं. त्याची फांदी एका वादळात दादाच्या छपरावर पडली. छप्पर फुटलं, पलंगावर कोणी नव्हतं म्हणून वाचले. तेव्हा वडील कंबरेचं हाड मोडून हॉस्पिटलात होते. दादाने कुणाला न विचारता झाड तोडून टाकलं. वडील घरी आले, खिडकीत बसले, समोर बुंधा बघितला आणि काही बोलले नाहीत. वर्षाच्या आत गेले.

"त्याने झाड नाही तोडलं, बाबांना तोडलं," असं ताई म्हणाल्या, आणि दादाला ते ऐकू गेलं. झालं. चार वर्षं बोलणं बंद. ताई त्याला 'शेजारी' म्हणतात. तो ताईंना 'त्या घरातल्या बाई' म्हणतो. दोन्ही घरांत चहा पिणारी माणसं आम्ही दोघंच, त्यामुळे दोन्हीकडचे निरोप आमच्याच गळ्यात. सासूबाई ताईंकडे राहतात, त्याही दादाचं नाव काढत नसत. निदान आमचा तसा समज होता.

फोन ठेवून ही ओट्यापाशी उभी राहिली. इकडे आड तिकडे विहीर. झाडं लावली तर दादा हिचं तोंड बघणार नाही, नाही लावली तर ताई.

"नाही म्हणून सांग," मी म्हणालो.

"मी नाही म्हटलं तर ती दुसऱ्याला बोलावेल. तो येऊन दोन दिवसांत हिरवी भिंत ठोकून जाईल. एकदा ती वाढली ना, की मग दोघं मरेपर्यंत एकमेकांना दिसायची नाहीत." तिचा आवाज चिरका झाला होता. "निदान मी गेले तर काठ्या तरी लावीन. बघू दे तिला आठ दिवस, ते कसं दिसतं ते. कदाचित बघून तिलाच नको होईल."

या 'कदाचित'वर आम्ही टेम्पोत बांबू भरले.

ताई शाळेत शिकवतात. दारातच उभ्या होत्या, हातात छडी नव्हती एवढंच. "काठ्या कशाला आणल्यास? मी झाडं सांगितली होती."

"नियम आहे, ताई. सगळ्यांना आहे."

"मी सगळ्यांतली आहे का?"

"तू बहीण आहेस, म्हणून तर जास्तच."

ताईंनी ओठ आवळले आणि आत गेल्या. आम्ही खड्डे घेतले. सुरूचं झाड पूर्ण वाढल्यावर घराच्या वर जातं, म्हणून दोन दोन बांबू जोडून बांधले. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी दोरीचा ताण दिला, एक खुंटी ताईंच्या बाजूला, एक दादाच्या बाजूला. दादाच्या बाजूला खुंटी ठोकायला मी वाकलो तेव्हा मला त्याच्या चपला दिसल्या. वर बघितलं. हाताची घडी घालून उभा होता.

"भिंतच बांधा की, पाहुणे. झाडांना कशाला त्रास?"

मी खुंटी मातीत टेकवली. तो एक पाऊल पुढे आला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "कुठपर्यंत येणार हे? मागच्या खिडकीपर्यंत?"

"पुढपासून मागपर्यंत," मी सांगितलं.

त्याने मान हलवली. ती मागची खिडकी सासूबाईंच्या खोलीची. मला वाटलं, उजेडाचं विचारत असेल. तो वळून आत गेला आणि मी घाव घालून खुंटी पक्की केली. मला राग आला होता, कुणाचा ते नक्की सांगता येत नव्हतं.

जाळी वर चढली तसं दादाचं घर खालून वर पुसत गेलं. पायऱ्या गेल्या, दार गेलं, शेवटी छप्पर गेलं. ताई अंगणात येऊन बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेल असं वाटलं होतं. दिसला नाही. पण त्या म्हणाल्या, "हं. असंच हवंय."

मग खिडक्या. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत बसल्या, बैठकीच्या खिडकीत बसल्या. हिने विचारलं, "आणि आईची खिडकी?"

"आई दिवसभर डुलक्या काढते. तिला काय कळतंय जाळी आहे की झाड? मी बघते तिच्या वतीने."

मी बायकोकडे बघितलं. हे उत्तर एखाद्या गिऱ्हाइकाने दिलं असतं तर हिने त्याला फैलावर घेतलं असतं. आजोबांना विचारल्याशिवाय ही कधी पुढे गेलेली नाही. पण त्या दिवशी तिला ताईंशी आणखी एक वाद नको होता. आत डोकावली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, तोंड खिडकीकडे, हात मांडीवर. हिने विचारलं, "आई, बरी आहेस ना?" त्या म्हणाल्या, "बरी आहे." आणि ही बाहेर आली. कुत्र्याचंही विचारणाऱ्या बाईने आईला नाही विचारलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या आठवड्यात हिला नीट झोप लागली नाही. ताईंचा रोज फोन, रोज तेच, "माझं बघून झालंय, झाडं कधी आणतेस?" दादाचा एकही फोन नाही. मी दुसऱ्या कामांवर हिला घेऊन जायचो, तर ही बांबू मोजताना चुकायची. मी चिडून बोललो की उलट चिडायची नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटायची. झाडं लावायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही टेम्पोत सुरूची रोपं भरली. ती म्हणाली, "लावली की संपलं सगळं." मी ताडपत्री आवळत होतो. आधीच पक्की असलेली गाठ मी पुन्हा मारली.

सकाळी निघालो तेव्हाच वारा सुटला होता. ताईंच्या गल्लीत वळलो आणि लांबूनच जाळी दिसली. मधला एक बांबू कलला होता, दादाच्या घराकडे, आणि जाळी फडफड वाजत होती. घरातून ताईंचा आवाज येत होता, "आई! आई!" आम्ही उतरलो तर त्या ओल्या केसांनीच दारात आल्या. मी ताईंना असं कधी बघितलं नव्हतं.

"आई खोलीत नाही. मी अंघोळीला गेले होते, दहा मिनिटं. चहाचा थर्मास तिथेच आहे, तिची हातातली काठी तिथेच आहे, आई नाही!" मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "त्यानेच नेलं. जाळी लावली म्हणून सूड. त्यानेच नेलं तिला!"

त्या धावत सुटल्या घराच्या त्या अंगाला, आणि मागोमाग आम्ही.

सासूबाई जाळीला बिलगून उभ्या होत्या. एक चप्पल पायात, एक मागे पडलेली. त्यांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले, ती त्यांची मोठी कात्री पायाशी गवतात पडली होती. जाळीला बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर चौकोनी भोक होतं, शिवणकाम करणाऱ्या बाईने कापावं तसं सरळ. त्या भोकातून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पलीकडे गेला होता, आणि खांद्यावरची शाल कापलेल्या धाग्यांत गुरफटून पिळली गेली होती. भोक करताना मधे आलेली दोरीही त्यांनी कापली होती. ती होती बांबूच्या ताणाची दोरी.

आणि पलीकडे दादा. कललेला बांबू त्याने खांद्यावर पेलला होता, दोन्ही हातांनी धरला होता, पाय मातीत रोवले होते. वाऱ्याचा झोत आला की जाळी फुगायची, बांबू त्याला मागे रेटायचा आणि जाळीबरोबर सासूबाईही ओढल्या जायच्या. त्यांचे पाय गवतावरून घसरत होते. या वयात पडल्या असत्या तर काय झालं असतं ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

ताईंना भोकातून एवढंच दिसलं की आईचा हात पलीकडे आहे आणि तिथे दादा आहे.

"सोड तिला!" त्या किंचाळल्या. "सोड म्हणते ना!"

"सोडलं तर बांबू तिला घेऊन पडेल!" दादाचा चेहरा लालबुंद झाला होता. "ताई, आईला धर! ताई!"

चार वर्षांत तो शब्द त्या दगडांच्या ओळीवरून आला नव्हता. ताई जागच्या जागी थांबल्या. किती वेळ, सांगता येणार नाही, पण मला तो वेळ फार लांब वाटला आणि मी ओरडणार होतो. तेवढ्यात त्या पुढे झाल्या, मागून आईच्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घातला आणि पाय फाकवून उभ्या राहिल्या. हिने कात्री उचलली आणि शालीभोवतीची जाळी कचाकचा कापली. मी चक्कर मारून पलीकडे धावलो, पण मी पोचायच्या आत सासूबाईंचा हात सुटला, ताई त्यांच्यासकट मागे गवतावर बसल्या, आणि हिने ओरडून सांगितलं, "दादा, सोड!"

दादा बाजूला उडाला. बांबू त्याच्या पायऱ्यांवर आडवा झाला आणि काहीतरी खळकन फुटलं.

मी बघायला गेलो. कप होता, चहाचा. चहा पायरीवरून खाली ओघळत होता, अजून वाफ येत होती. मी वळून, जाळी खाली आली होती तिथून बघितलं. पलीकडे सासूबाईंची खिडकी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर दुसरा कप. ताई थर्मासमधे आईसाठी ठेवतात तो चहा, एकाच कपाचा, ओतलेला आणि न प्यायलेला.

मला उशिरा कळतं, पण कळतं. ताई सकाळी अंघोळीला गेल्या की ही म्हातारी खिडकीत चहा घेऊन बसायची आणि समोर पायरीवर तिचा मुलगा. बोलणं नाही, हाक नाही. चहा संपला की तो कामावर जायचा. चार वर्षं दोघांचं असं चाललं होतं आणि आम्हा शहाण्यांपैकी कुणाला पत्ता नव्हता.

ताईंनी आईला उठवून खुर्चीत बसवलं. "काय करत होतीस तू? कशाला गेलीस तिथे?" त्यांचा आवाज रागाचा होता आणि हात आईच्या साडीवरचं गवत झटकत होते.

सासूबाई आपल्या मनगटावरचा जाळीचा वळ चोळत म्हणाल्या, "मला बाळ्या दिसेना."

एवढंच. बाळ्या म्हणजे दादा. पूर्वी आई आणि ताई दोघी त्याला याच नावाने हाक मारायच्या. ताई आईपुढे बसून होत्या. मग उठून बाहेर आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "झाडं लाव. ठरल्याप्रमाणे. या खिडकीसमोर लावू नकोस."

मला वाटलं होतं, आता रडारड होईल, दोघं गळ्यात पडतील. कसलं काय! दादा खांदा चोळत दगडांच्या ओळीपाशी आला आणि मला म्हणाला, "पाहुणे, त्या घरातल्या बाईंना सांगा, मागच्या दाराची कडी नीट लागत नाही. आई बाहेर पडते." आणि ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेजाऱ्यांना सांगा, कळलं." दोघं मधे पाच पावलं सोडून उभी होती. मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

परतताना टेम्पोत ही रडली. "मी सगळ्यांना विचारते, आईलाच नाही विचारलं," हेच पुन्हा पुन्हा. मी म्हणालो, "रड, पण माझ्या गिअरवर हात ठेवू नकोस." तेव्हा ती थोडी हसली.

झाडं लागली. वाऱ्याच्या बाजूला सुरू, पुढे मोरपंखी, कारण सगळी एकाच जातीची लावली तर एका रोगात सगळी जातात. सासूबाईंच्या खिडकीसमोर ऐसपैस फट. तिथे तिने घोट्याएवढीच वाढणारी हिरवळ लावली. दोन पावसाळ्यांत सुरू माणसाच्या वर गेले. दोन्ही घरं एकमेकांना दिसेनाशी झाली, ती फट सोडून. सकाळचा चहा चालू राहिला. ताईंना आता माहीत होतं, म्हणून त्या अंघोळ मुद्दाम लांबवायच्या. हे मला हिने सांगितलं, ताई कधी कबूल करणार नाहीत.

मग सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. शेवटच्या निरोपाला ताई एका बाजूला आणि दादा दुसऱ्या बाजूला उभे होते, आणि मधे आता आईही नव्हती. दोघं बोलली नाहीत. त्या दिवशी माझी बायको मला म्हणाली, "आता यांना बांधून ठेवणारं काही उरलं नाही." मलाही तसंच वाटत होतं.

महिनाभराने ताईंचा फोन आला. "ती फट बुजव. मोठं झाड आण, लगेच झाकेल असं."

मी भडकलो. फोन माझ्या हातात असता तर मोठ्या मेहुणीचा मान विसरलो असतो. ही मात्र शांतपणे म्हणाली, "येते सकाळी." मी संतापात नर्सरीतला सगळ्यांत दाट, डोक्याच्या वर गेलेला सुरू कुंडीसकट टेम्पोत चढवला. म्हटलं, घ्या, होऊन जाऊ दे एकदाचं. हिने त्याच्या शेजारी एक बांबू ठेवला.

ताई तयार होऊन उभ्या होत्या, शाळेची पिशवी खांद्याला. बांबू बघून म्हणाल्या, "आता कशाला? इथे तर आधी लावून झालंय."

"जागा तीच, खिडकी तीच. बसणारं माणूस बदललं. नियम आहे," ही म्हणाली आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही फटीत काठी धरून उभे राहा." मी उभा राहिलो, दगडांच्या ओळीवर, एका हाताला एक घर, दुसऱ्या हाताला दुसरं. खिडकी उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बस, ताई."

"त्या खुर्चीत मी बसत नाही."

"मग झाड लागणार नाही."

"अगं, कळत कसं नाही तुला!" ताईंचा आवाज फुटला. "तो अजून रोज येऊन बसतो तिथे. कप घेऊन. आई नाही हे माहीत असून बसतो, आणि या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहतो. मी रोज दाराआडून बघते. मला नाही बघवत. म्हणून बुजव म्हणतेय."

माझा राग तिथेच उतरला. मी बांबू घट्ट धरला. मग आतून थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला (ताई तो अजून रोज भरत होत्या तर!), कपात चहा ओतल्याचा आवाज आला, आणि खुर्ची करकरली.

खिडकीत ताई दिसल्या. हातात कप, नजर मांडीवर.

दादाचं दार उघडलं. तो बाहेर आला, वर न बघता पायरीवर बसला, कप शेजारी ठेवला. माझ्याकडे, माझ्या बांबूकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा पडला. कशासाठी आलोय ते त्याला कळलं. मग त्याने खिडकीकडे बघितलं, आणि खुर्चीत कोणीतरी होतं.

तो ताडकन उठला. चहा हातावर सांडला तरी त्याला कळलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत होती, मधे फक्त ती घोट्याएवढी हिरवळ आणि मी. मग त्याने मान खाली घातली, कप उचलला आणि दाराकडे वळला. एक पायरी चढला, दुसरी चढला. आता दार लागलं की माझ्या टेम्पोतला सुरू इथे लागणार आणि कायमचा लागणार. मी खिडकीकडे बघितलं. ताईंचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. शाळेत चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई.

"बाळ्या," त्या म्हणाल्या.

तो दाराच्या कडीवर हात ठेवून थांबला.

"बस खाली. चहा गार होतोय तुझा."

मी बांबू हळूच हिरवळीवर आडवा केला आणि टेम्पोकडे निघालो. मला कोणी थांब म्हणालं नाही.